गॅलरीतल्या चार टोपल्या आणि बाकीची मिळकत

मी, शुभा पद्माकर उमाळकर, वय एकोणसत्तर, मूळ राहणार लक्ष्मीनगर, नागपूर, सध्या मुक्काम मुलाच्या घरी, शिकागो, हा लेख स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही. त्याचे पंपिंग निम्म्यावर आले आहे असे डॉक्टरांनी जुलैत सांगितले आणि दोन वर्षांपलीकडचे बोलायचे त्यांनी टाळले. मला कोणी भरीस घातलेले नाही. घरातली माणसे कामावर आणि शाळेत आहेत, मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकटी बसले आहे.

नागपूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात मी एकतीस वर्षे कारकुनी केली. शेकडो मृत्युपत्रे माझ्या हाताखालून गेली. माणसे कोणाला काय द्यायचे ते लिहीत आणि का ते लिहीत नसत. मग त्या 'का'साठी मागची माणसे दहा-दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत. म्हणून मी दोन्ही लिहिणार आहे. लांबण लागेल. वाचणाऱ्याने सवडीने वाचावे.

कलम १. दिनांक ३ मार्च १९९७ रोजी नोंदवलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी पूर्णपणे रद्द करत आहे. त्यात एक ओळ होती: 'माझा मुलगा विनय याची पत्नी विणा हिला माझ्या मिळकतीतील कोणताही भाग, दागिना अथवा भांडे मिळू नये.' ही ओळ मला कोणी सांगितली नव्हती. मी ती ऑफिसच्या मशीनवर स्वतः टाइप केली.

कारण असे. विनयने १९९६ साली पुण्याच्या वीणा लिमये हिच्याशी लग्न केले. दोघे कॅलिफोर्नियात एकाच कंपनीत होते. वीणाचे त्याआधी एक लग्न होऊन आठ महिन्यांत मोडले होते. आठ महिन्यांत ज्या मुलीला नवरा टिकवता आला नाही, ती माझ्या एकुलत्या एका मुलाच्या घरात नको, असे मी म्हणाले. लग्नाला गेले नाही. त्या दिवशी रजासुद्धा घेतली नाही, ऑफिसात बसून इतरांचे दस्त नोंदवले. पुढे १९९९ साली इशिता झाली, तेव्हा विनयशी फोनवर बोलले. वीणा फोनवर आली की 'बरी आहेस ना' एवढे विचारून फोन परत विनयला द्यायला सांगत असे.

मग २००४ साली विनय तिला सोडून शिकागोला गेला. त्याला दुसरी कोणी आवडली होती. माझ्या अंदाजाप्रमाणे लग्न मोडले खरे, पण मोडणारा माझा मुलगा निघाला.

कलम २. लक्ष्मीनगर येथील माझा दोन खोल्यांचा फ्लॅट, आतल्या सर्व सामानासह, माझी नात इशिता विनय उमाळकर हिला देत आहे. ती एकवीस वर्षांची होईपर्यंत माझा धाकटा भाऊ नंदकिशोर ऊर्फ नंदू याने तो सांभाळावा. नंदूने आतल्या भिंतींना तो पिस्ता रंग पुन्हा लावू नये.

इशिता तिथे कधी राहायला जाणार नाही हे मला कळते. तरी तिच्या नावाचे एक दार कुठेतरी असावे. तिची आई तीन घरांत राहिली. दोन नवऱ्यांची होती, एक भाड्याचे.

कलम ३. माझ्या सोन्याच्या चार पाटल्या इशिताला. या पाटल्या मी २००६ च्या एप्रिलमध्ये वीणाला देऊ केल्या होत्या. तिने दोन हातात घातल्या, हात खाली केला, तर त्या सरळ बोटांवरून सतरंजीवर पडल्या. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो. मग ती म्हणाली, "आई, या इशितासाठी ठेवा. तिचे हात जाड आहेत, तुमच्यासारखे." उरलेल्या दोन तिने घालून बघितल्या नाहीत.

कलम ४. आता मी वीणाकडे कशी गेले ते लिहिणे भाग आहे, कारण पुढचे कलम त्याशिवाय कळणार नाही.

विनयने माझे ग्रीन कार्ड केले आणि २००५ च्या उन्हाळ्यात मी शिकागोला आले. पुढच्या फेब्रुवारीत इशिताचा सातवा वाढदिवस होता. मी हट्ट धरला की नातीला भेटायला जाणार, आठ दिवसांसाठी. विनयने तिकीट काढून दिले. कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला, वीणाने दार उघडले तेव्हा तिच्या डोक्याला सुती रुमाल होता आणि भुवया नव्हत्या. तिच्या मागे इशिता उभी होती. ती मला म्हणाली, "आजी, डोन्ट हग ममा टू हार्ड."

"विनयला माहीत आहे?" मी विचारले.

"सांगितलं होतं," वीणा म्हणाली. "ऑगस्टमध्ये. त्याने तुम्हाला सांगितलं नाही वाटतं."

तिचे आईवडील आधीच गेले होते. ऑफिसातल्या मैत्रिणी डबे आणून देत. इशिता मायक्रोवेव्हमध्ये स्वतःचे दूध गरम करायला शिकली होती. मी आठव्या दिवशी परत गेले नाही. विनयला फोन करून सांगितले की माझे गरम कपडे पोस्टाने पाठव.

कलम ५. तारेच्या चार गोल टोपल्या, त्यांच्या साखळ्या, छताला अडकवायचे चार आकडे, लांब तोटीची झारी आणि फुलांची यादी लिहिलेली औषधाच्या दुकानाची कागदी पिशवी. ही पिशवी प्लास्टिकच्या पाकिटात घालून माझ्या बॅगेत ठेवली आहे. हे सर्व इशिताला देत आहे. नीट वाच, इशिता. मराठी वाचता येत नसेल तेव्हा कोणाकडून तरी वाचून घे.

तुझ्या वर्गात त्या वर्षी हमिंगबर्डचे चित्र काढायला दिले होते. तू घरी येऊन आईला विचारलेस की तो आपल्या घरी का येत नाही. आई तेव्हा दिवसभर गॅलरीच्या काचेच्या दाराशी लावलेल्या पलंगावर असे. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या, म्हणून बागेत जायची, मातीत हात घालायची, घरात फुले ठेवायची तिला मनाई होती. काचेच्या बाहेर मात्र काहीही टांगता येत होते. त्याच्यासाठी साखरपाण्याची बाटली टांगावी तर मुंग्या होतात म्हणून अपार्टमेंटवाले लावू देत नसत. आई तुला म्हणाली, "येईल. आपण त्याला आवडणारी फुलं लावू." तिने हे तुला कबूल केले होते, म्हणून पुढचे सगळे झाले.

मार्चमध्ये आम्ही दोघी नर्सरीत गेलो. तेव्हा ती अजून गाडी चालवत होती. मनाई होती तरी तोंडावर मास्क लावून ती टोपल्यांच्या रांगेतून हळूहळू फिरत होती. एका ठिकाणी ती थांबली. लाल, बारीक, खाली लोंबणारी फुले होती.

"आई, ही बघा. लांब नळीची. चोच सरळ आत जाईल."

"इतकी मरतुकडी?" मी म्हणाले. "चार फुलं इथे, चार तिथे. दिसेल तरी का बाहेरून?"

"त्याला दिसेल. लाल आहेत ना."

मी पलीकडे डबल पेट्युनिया बघितले होते. जांभळे, गुलाबी, पाकळ्यांवर पाकळ्या, गुलाबासारखे गच्च. त्यांच्याशेजारी डबल तेरडा होता, आपल्याकडच्या तेरड्याचाच भाऊबंद, पण तोही गुलाबासारखा फुगलेला. देवापुढे ठेवली तर ताम्हन भरेल अशी फुले. "काय करून राहिली तू," मी तिला म्हणाले. "ही बघ. लावायचंच तर भरगच्च लाव. एवढ्या फुलांवर पक्षी कसा येणार नाही?"

तिने माझ्याकडे बघितले. मास्कमुळे फक्त डोळे दिसत होते. तिने पुस्तकात वाचले होते, इंटरनेटवर वाचले होते, तिला माहीत होते. ती म्हणाली, "तुम्हाला आवडली ना? मग हीच घेऊ."

दहा वर्षे मी तिला सून म्हटले नव्हते आणि आता तिच्या घरी राहून तिला खिचडी भरवत होते. माझ्याशी वाद घालणे तिला परवडणारे नव्हते. हे मला त्या वेळी कळले नाही. मी जिंकले असे वाटून मी गाडीत बसले.

त्या चार टोपल्या सात आठवडे टांगलेल्या होत्या. रस्त्यावरून जाणारे लोक मान वर करून बघत. पक्षी आला नाही. तू सकाळी सिरियलचा वाडगा घेऊन आईच्या पायाशी बसायचीस आणि शाळेची वेळ झाली की म्हणायचीस, "नोबडी केम." एकदा, फक्त एकदा, एक आला. हवेत थांबून त्याने एका फुलात चोच घातली, काढली, दुसऱ्यात घातली, काढली, तिसऱ्यापाशी नुसता थबकला आणि गेला. जेमतेम एक श्वास घेण्याइतका वेळ.

"दार सापडलं नाही त्याला," वीणा म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

इशिता, तुझ्या आईकडे त्या वेळी एकूण आठ महिने उरले होते. त्यातले जवळजवळ दोन माझ्या भरगच्च फुलांनी खाल्ले. मी या लेखात ज्या चुका मान्य केल्या आहेत त्यांत सगळ्यांत लहान हीच दिसेल. मला मात्र बाकीच्यांपेक्षा हीच जास्त आठवते.

टोपल्यांचे पाणी खालच्या गॅलरीत गळत होते. तिथे रेणू पाटणकर राहत असे, मुंबईची, एका सॉफ्टवेअर कंपनीत. एक दिवस ती तणतणत वर आली. "काकू, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज चिखलाचं पाणी पडतंय, इट्स टू मच." मी दार पुरते उघडले तेव्हा तिला आतला पलंग दिसला. ती तशीच खाली गेली. शनिवारी ती पुन्हा आली आणि म्हणाली, "नर्सरीत जायचं असेल तर मी ड्राइव्ह करते. वीणा, यार, तू सांगितलं का नाहीस?"

वीणाला आता जिना उतरवत नव्हता. तिने औषधांच्या पिशवीच्या पाठीमागे यादी लिहून दिली. मला इंग्रजी पाट्या भराभर वाचता येणार नाहीत म्हणून नावे मराठीत लिहिली आणि प्रत्येक नावापुढे फुलाचा आकार काढला. फ्यूशिया, साधा, एकेरी, लाल. साल्व्हिया, लाल. क्यूफिया, विडीसारखे नळकांडे, टोकाला राखेसारखे पांढरे. चौथ्या जागी तिने नाव घातले नाही, काही काढले नाही, नुसते लिहिले, 'आईंना जे आवडेल ते, पण आत डोकावून बघा.'

नर्सरीत एक म्हातारे जपानी गृहस्थ होते. रेणूने त्यांना सगळे सांगितले. त्यांनी एक डबल पेट्युनिया तोडला आणि माझ्यासमोर पाकळी पाकळी सोलला. शेवटपर्यंत पाकळ्याच. मध्ये मधाला जागाच नव्हती. मग त्यांनी एक फ्यूशियाचे फूल तोडले, मागचे टोक चिमटले आणि मला ते ओठांना लावायची खूण केली. जिभेवर गोड थेंब आला. लहानपणी आम्ही रुक्मिणीच्या फुलांचे दांडे असेच चोखत असू. नर्सरीत, रेणूसमोर, मी रडले. ते गृहस्थ दुसरीकडे बघत उभे राहिले.

टोपल्या आम्ही त्याच ठेवल्या, आतला काथ्या बदलला, माती बदलली. माझ्या आवडीची चौथीही मी फ्यूशियाचीच भरली. फ्यूशियाला ऊन सोसत नाही, म्हणून त्या दोन आतल्या बाजूला. साल्व्हिया आणि क्यूफिया कडेला, उन्हात. टांगलेल्या टोपलीला चारी बाजूंनी वारा लागतो, ती कुंडीपेक्षा लवकर सुकते. रोज पाणी हवे, कडक उन्हात दोनदा. औषध फवारायचे नाही, कारण तो पक्षी बारीक किडेही खातो. मावा पडला तर बोटांनी पुसायचा. रेणूने तिच्या गॅलरीत प्लास्टिक अंथरले आणि पुन्हा कधी तक्रार केली नाही.

तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, तो आला. इशिता, तू शाळेत होतीस. वीणाला दोन रात्रींनंतर नुकती झोप लागली होती. तो फ्यूशियाच्या एकेका फुलाखाली थांबून खालून वर चोच घालत होता, आणि मान वळवली की त्याचा गळा तांबडागुलाबी चमके. उठवू की नको, या विचारात मी हातात झारी धरून उभी राहिले. तेवढ्यात तो गेला.

ती जागी झाल्यावर मी सांगितले. ती म्हणाली, "उठवायचं ना, आई."

"तुझा डोळा लागला होता."

"झोपायला वेळ आहे मला."

त्यानंतर तिने डोळे मिटले नाहीत. उशीला टेकून बसली. मी शेजारी बसले. वीस मिनिटांनी तो परत आला आणि काचेपासून हातभर अंतरावर आला. मी म्हणाले, "आपली फुलचुखीच आहे ही." ती हळूच म्हणाली, "नाही आई. फुलचुखी फांदीवर बसून पिते. याला बसायला काही लागत नाही." आणि तिने माझा हात धरला. त्या दिवसापर्यंत मीच तिचा हात धरत आले होते, उठवायला, बसवायला. तिने माझा धरला तो पहिल्यांदा.

तो पूर्ण उन्हाळा ते येत राहिले. कधी दोन, कधी तीन, एकमेकांना हाकलत. तू बाहेरून घरी आलीस की आई तुला दिवसाचा आकडा सांगायची आणि तू तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचीस. ते कॅलेंडर तुझ्या वडिलांनी घर रिकामे करताना टाकून दिले. त्यांना माहीत नव्हते.

फूल निवडताना एवढेच लक्षात ठेव: बाहेरून बघू नकोस, आत डोकावून बघ.

कलम ६. पितळी समई रेणू पाटणकर हिला. ती देवधर्म करत नाही हे तिने मला तीनदा सांगितले आहे. तिने हवे तर तिच्यात मेणबत्ती लावावी. वीणा गेली त्या आठवड्यात रेणूने नोकरीवरून रजा घेऊन आम्हाला जेवू घातले. बटाट्याची भाजी जळकी होती. मी दोनदा मागून घेतली.

कलम ७. माझा मुलगा विनय याला त्याच्या वडिलांचे मनगटी घड्याळ आणि फोटोंचा अल्बम. बाकी काही नाही. त्याचे चांगले चालले आहे, त्याला गरज नाही, आणि हे एकच कारण आहे असे मी खोटे लिहिणार नाही.

तो वीणाला भेटायला नोव्हेंबरमध्ये आला, ती जायच्या दोन दिवस आधी. दारात उभा राहून त्याने मला विचारले, "आत जाऊ का?" असे विचारणारा मुलगा मी वाढवला. तो आत गेला आणि अर्ध्या तासाने बाहेर आला. दोघे काय बोलले ते मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. विनय, तू वाईट माणूस नाहीस. तुला अवघड जागी उभे राहता येत नाही. वीणाच्या पहिल्या लग्नावरून मी तिला नावे ठेवत होते तेव्हा तू मला एकदाही गप्प केले नाहीस, नुसता फोन ठेवत होतास. तेव्हाच मला कळायला हवे होते.

कलम ८. दिवसवार, तेरावे करू नये. नंदूने नागपुरात हट्ट केला तर त्याला हा कागद दाखवावा.

कलम ९. त्या १९९७ च्या मृत्युपत्राची एक प्रत विनयने सनीव्हेलला नेली होती. घटस्फोटाच्या वेळी कागद चाळताना वीणाला ती सापडली. हे तिने मला ऑक्टोबरमध्ये सांगितले, तिचे पाणीसुद्धा चमच्याने चालू होते तेव्हा. मी खाली बघितले. ती म्हणाली, "नावाला ऱ्हस्व वेलांटी होती, आई. मी विनयला म्हटलं, ही विणा दुसरीच कोणीतरी असणार. आपला काही संबंध नाही." आणि हसली. तिच्याकडे ते पत्र वर्षभर होते, मी तिच्या घरात आठ महिने राहत होते, आणि तिने ते एकदाही बाहेर काढले नव्हते.

त्याच दुपारी तिने मला विचारले, "मी गेल्यावर तुम्ही कुठे जाणार?"

"नागपूरला. विनयच्या दारात पाय ठेवणार नाही."

"इशिता तिथेच जाणार ना पण. कायद्याने तिच्या वडिलांकडेच. तुम्ही तिच्याबरोबर जा."

"त्या घरात? त्या बाईच्या?"

तिने डोळे मिटले. मला वाटले झोप लागली. मग म्हणाली, "माझ्यापर्यंत यायला तुम्हाला दहा वर्षं लागली. तिच्यापर्यंत जायला तेवढी लावू नका. इशिताला तेवढा वेळ नाही."

मी हो म्हणाले. १७ नोव्हेंबर २००६ रोजी वीणा गेली, सकाळी, इशिताला रेणूने शाळेत सोडल्यानंतर. डिसेंबरमध्ये मी आणि इशिता शिकागोला आलो. दिलेल्या शब्दापैकी अर्धा मी पाळला.

कलम १०. हे शेवटचे कलम. हे कायद्याने टिकणार नाही हे माझ्यापेक्षा चांगले कोणाला माहीत असणार. मूल ही मिळकत नव्हे, ते मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. तरी लिहिते.

विनयची पत्नी रुपाली हिच्या घरात मी सलग पावणेदोन वर्षे राहत आहे. या काळात मी तिच्याशी एकही उणा शब्द बोलले नाही. एकही पुरा शब्दही बोलले नाही. तिने चहा पुढे केला की घेते. काही हवे असेल तर विनयला सांगते. विनय घरी नसेल तर स्वतः उठून घेते. तिला नावाने हाक मारायची वेळ मी येऊ दिली नाही. इशिताच्या टोपल्या इथे मे महिन्यात आम्ही दोघीच लावतो, इथले पक्षी सप्टेंबरात निघून जातात, मग दोघीच काढतो. गेल्या वर्षी रुपाली स्टूल धरायला आली होती. मी म्हणाले, "राहू दे." इशिताही म्हणाली, "वी आर ओके."

डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी एकच विचार करत होते. मी गेल्यावर इशिताजवळ कोण? विनय महिन्यातले पंधरा दिवस विमानात असतो. मोजून मोजून एकच माणूस उरत होते.

मंगळवारी दुपारी रुपाली घरून काम करत होती. चार वाजता ती खाली आली आणि टेबलाशी बसून गवार मोडू लागली. मी समोर बसले आणि तिच्या ढिगातल्या शेंगा ओढून घेतल्या. पुष्कळ वेळ आम्ही नुसत्या शेंगा मोडत होतो.

मी म्हणाले, "मी फार दिवस नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "विनयने सांगितलं."

"इशिताचं बघशील?"

"आताही बघतेच ना. तिच्या शाळेच्या मीटिंगांना मी जाते. तिला रात्री खोकला लागला की मी उठते." ती रागाने बोलत नव्हती. "तिने मला आई म्हणावं असं मला कधीच वाटलं नाही. तिला आई होती."

"होती," मी म्हणाले.

मग तिने हातातली शेंग खाली ठेवली. "आई, तुमचा माझ्यावर राग आहे. असू दे. मी केलं ते मला माहीत आहे, ते मला पुसता येणार नाही. पण तिच्यासमोर तरी माझ्याशी बोलत जा. तुम्ही बोलत नाही म्हणून तीही बोलत नाही. ती शाळेत सगळ्यांशी बोलते. इथे तिला वाटतं, माझ्याशी बोललं की तुम्हाला वाईट वाटेल. आणि तिच्या आईलाही."

वीणाने सांगितले होते की इशिताला तेवढा वेळ नाही. आणि मी त्या मुलीला दोन वर्षे माझ्या शेजारी बसवून गप्प राहायला शिकवत होते. एका सुनेला मी दूर ठेवले ते कागदावर तरी होते. दुसरीला नातीच्या देखत ठेवले.

त्या संध्याकाळी आम्ही चौघे जेवायला बसलो. मी ताट पुढे केले आणि म्हणाले, "रुपाली, थोडं वरण वाढ मला."

विनयचा घास हातातच राहिला. रुपालीने वरण वाढले, थोडे ताटाबाहेर सांडले. इशिताने माझ्याकडे बघितले, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी मान हलवली. भाताशी खेळत तिने खालच्या आवाजात विचारले, "रुपाली, कॅन आय हॅव सम टू?"

म्हणून लिहिते: माझ्या सासूबाईंनी मला दिलेला चांदीचा हळदीकुंकवाचा करंडा माझी सून सौ. रुपाली विनय उमाळकर हिला देत आहे. तो सुनेला द्यायचा असतो. माझ्या मोठ्या सुनेला, वीणाला, मी तो दिला नाही. आणि माझी नात इशिता हिला मी रुपालीच्या स्वाधीन करते. कोर्टाला हे मान्य नसले तरी चालेल. रुपालीने मंगळवारी मान्य केले आहे.

या लेखाची अंमलबजावणी नंदकिशोर याने नागपुरात आणि रुपालीने इथे करावी. मजकूर लिहून झाल्यावर मी तो पुन्हा वाचला आहे. खाडाखोड एकाच ठिकाणी आहे. कलम १० मध्ये मी आधी 'विनयची दुसरी पत्नी' असे लिहिले होते, ते खोडून 'माझी सून' असे केले आहे, आणि त्या खोडाखोडीवर माझी छोटी सही आहे.

स्थळ: शिकागो
दिनांक: २० सप्टेंबर २००८

सही: शुभा पद्माकर उमाळकर

आम्ही खाली सह्या करणारे शेजारी आहोत. शुभाकाकूंनी आमच्या समोर सही केली, त्या वेळी त्या पूर्ण भानावर होत्या. आम्हाला या लेखातून काहीही मिळणार नाही. काकूंच्या सांगण्यावरून कलम १० आम्ही मोठ्याने वाचले आणि ते वाचताना सौ. रुपाली आणि कु. इशिता सोफ्यावर एकमेकींशेजारी बसून ऐकत होत्या.

साक्षीदार:
१) दिगंबर शंकर फाटक
२) देवयानी दिगंबर फाटक